भाऊ, ॲडव्हान्स देऊ नको अजून

तू घ्यायला निघालायस त्या जुन्या कॉमिकचे फोटो पाहिले. ‘बाजारात न आलेलं कॉमिक’ असं विकणारा म्हणतो, तेवढ्यावर भुलू नको. अशी कॉमिक असतात, हे खरं. अमेरिकेत 1939 मध्ये सिनेमा थिएटरांत फुकट वाटायला ‘मोशन पिक्चर फनीज वीकली’ छापलं, योजना बारगळली आणि मोजक्या प्रती थेट 1974 मध्ये सापडल्या. 1978 मध्ये सुपरमॅन-बॅटमॅनवाल्या डीसी कंपनीने तर रद्द झालेल्या अंकांची झेरॉक्स काढून दोन खंड बांधले, फक्त 35 संच. म्हणजे तिथे अस्सल माल हीच झेरॉक्स! मग कुठली झेरॉक्स खरी, कुठली नंतर काढलेली, यावर वाद होणारच ना.

तुझा अंक रंगीत आहे, तर दहापट भिंग लाव. जुन्या छपाईत ठिपके जाळीसारखे रांगेत दिसतात, इंकजेटचे विखुरलेले. मग पिना बघ. पिन गंजली असेल तर भोकाभोवती कागदावरही तांबूस डाग हवा. कागद स्वच्छ आणि पिन तेवढी गंजकी, तर गडबड आहे.

मी नागपुरात सीताबर्डीच्या फुटपाथवर एकदा फसलोय. पानं सगळीकडे सारखी पिवळी, नाकाशी धरलं तर चहाचा वास, म्हणजे जुनं दिसावं म्हणून चहाने रंगवलेलं! खरा कागद कडेपासून तपकिरी होत आत जातो, आणि आपल्या नागपूरच्या मे महिन्यात तर कडांचा पापड होतो.

रविवारी अंकच घेऊन ये घरी. फोटोवरून मी काही बोलणार नाही.