युरोपचा निसर्ग कायदा आणि आपली द्राक्षबाग

प्रश्न : ‘युरोपने निसर्ग वाचवायचा कायदा केला, आता १० टक्के बाग पडीक ठेवली नाही तर द्राक्षं घेणार नाहीत’ असा मेसेज आमच्या गटात फिरतोय. आम्ही मागच्या वर्षी बांध फोडून बाग वाढवली. एक्स्पोर्ट बंद होईल का? (द्राक्ष बागायतदार, ता. निफाड)

उत्तर : नाही होणार. आणि तो मेसेज पुढे ढकलू नका.

कायदा मात्र खरा आहे. १८ ऑगस्ट २०२४ पासून तो युरोपीय संघात अमलात आला. बिघडलेली कुरणं, दलदली, नद्या, जंगलं पुन्हा नीट करायची, २०३० पर्यंत किमान २० टक्के जमिनीवर आणि तितक्याच समुद्रावर काम सुरू करायचं, असं त्यात आहे. पण ही जबाबदारी तिथल्या सरकारांची. प्रत्येकाने १० टक्के रान पडीक ठेवावं असं कलम तिथल्या शेतकऱ्यालाही लागू नाही, मग निफाडला कुठून लागणार? गंमत म्हणजे आपले कंटेनर ज्या नेदरलँड्सच्या बंदरात उतरतात, त्या देशानेच या कायद्याच्या विरोधात मत दिलं होतं.

तुमची खरी काळजी वेगळ्या नियमात आहे, आणि त्याबद्दल गटात कोणी बोलत नाही. मधमाश्यांना घातक म्हणून युरोपने थायामेथोक्झाम आणि क्लोथियानिडीन या कीटकनाशकांची अवशेष मर्यादा (एमआरएल, म्हणजे मालात औषधाचा जास्तीत जास्त किती अंश चालतो ती मर्यादा) प्रयोगशाळेला जेमतेम मोजता येईल इतकी खाली आणली. ती ७ मार्च २०२६ पासून लागू. बाहेरून येणाऱ्या मालालाही तीच.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. थायामेथोक्झाम झाडात गेलं की मोडतं आणि त्यातून क्लोथियानिडीन तयार होतं. म्हणजे जे औषध तुम्ही कधी विकत घेतलंच नाही, ते रिपोर्टमध्ये दिसू शकतं. उडद्या, फुलकिडे, पिठ्या ढेकूण यांच्यासाठी दुकानदार जोडऔषध देतो, लॅम्बडा (लॅम्बडा सायहॅलोथ्रिन) या कीटकनाशकासोबत थायामेथोक्झाम असलेलं. त्यामुळे डब्यावरचं मोठं नाव सोडा, खाली बारीक अक्षरातलं तांत्रिक नाव वाचा. पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची चालू हंगामाची औषधांची यादी जवळ ठेवा, मागच्या वर्षीची चालणार नाही. २०१० साली सीसीसी (क्लोरमेक्वाट क्लोराईड, वेलीची वाढ रोखणारं औषध) याच्या अंशावरून कंटेनर अडकले होते, ते जुन्या बागायतदारांना विचारा.

द्राक्षाला फळधारणेसाठी मधमाशी लागत नाही, हे खरं. पण शेजाऱ्याच्या कांद्याच्या डोंगळ्यांना लागते. ते फुलात असताना फवारायचंच झालं तर सूर्य मावळल्यावर, वारा पडल्यावर फवारा.

फोडलेल्या बांधाबद्दल युरोप काही विचारणार नाही. शेजारी विचारेल, ते तुमचं तुम्ही बघा.

ऑक्टोबर छाटणीनंतर थायामेथोक्झाम किंवा क्लोथियानिडीन असलेलं काही फवारलं असेल तर अंदाजावर राहू नका. तोडणीआधी नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या आणि रिपोर्ट हातात आल्यावरच निर्यातदाराशी तारीख ठरवा.