भाऊ कच्चा कैदी आहे. टीबी आणि एचआयव्ही, दोन्हीची औषधं तुटू नयेत म्हणून घरच्यांनी काय करावं?

मोठा धोका असतो तो दुसऱ्या तुरुंगात बदली होताना आणि जामिनावर सुटताना. संध्याकाळी आदेश पोचतो, माणूस गेटबाहेर आणि गोळ्यांची बाटली आत दवाखान्याच्या कपाटात! म्हणून कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आत्ताच लेखी अर्ज द्या: बदली किंवा सुटका झाली तर उरलेल्या गोळ्या, एआरटीची (एचआयव्हीच्या औषधोपचाराची) कागदपत्रं आणि निक्षय आयडी (सरकारी टीबी नोंदणीतला रुग्णाचा क्रमांक) सोबत द्यावा. त्या आयडीवरून दुसऱ्या जिल्ह्यातही टीबीचे उपचार पुढे चालू ठेवता येतात.

तुरुंगात भावाला भेटाल तेव्हा एक गोष्ट हमखास विचारा, संध्याकाळची गोळी मिळते का? टीबीच्या रिफाम्पिसिनमुळे एचआयव्हीच्या डोलुटेग्राविर या औषधाचा असर घटतो, म्हणून ते दिवसातून दोनदा लागतं. बदलीनंतर नेमका हाच जादा डोस राहून जाऊ शकतो.

बराकीत आजार कळेल या धास्तीनं काहीजण गोळ्या गुपचूप टाकून देतात, आणि त्यांना दोष तरी काय द्यायचा? गोळ्या सगळ्यांसमोर नाव पुकारून न देता दवाखान्यात द्याव्यात, हे त्याच अर्जात लिहा. संमतीशिवाय एचआयव्हीची माहिती फोडायला २०१७ च्या कायद्यानं मनाई आहे. अडलात तर १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनवर फोन करा, फुकट आहे.