ऑफिसलाही, समारंभालाही

प्रश्न : ऑफिस सुटल्यावर घरी न जाता थेट समारंभाला जावे लागते. दोन्हीकडे शोभेल असा एकच ड्रेस कसा निवडावा?

उत्तर : गुडघ्याखाली येणारा, बिनचमकीचा क्रेपचा ड्रेस घ्यावा. क्रेपच्या सुताला घट्ट पीळ दिलेला असल्यामुळे दिवसभर खुर्चीत बसूनही त्यावर फारशा सुरकुत्या पडत नाहीत. लिननची मात्र दुपारपर्यंतच रया जाते. १९२६ मध्ये ‘व्होग’ या फॅशन मासिकाने फ्रेंच फॅशन डिझायनर कोको शनेलच्या साध्या काळ्या ड्रेसचे रेखाचित्र छापले, तेव्हापासून काळ्याचा दबदबा आहे खरा, पण गडद निळाही तितकाच चालतो. दिवसा वर ब्लेझर असावा. संध्याकाळी तो काढून लांब कानातले घातले की पुरे. घेण्यापूर्वी आरशासमोर बसून पाहावे, कारण उभ्याने नेटका दिसणारा ड्रेस बसल्यावर बराच वर सरकतो.