इन्स्टॉलेशनमध्येच अर्धा दिवस जातो!

प्रश्न: आमच्या कॉलेजात पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं दोन दिवसांचं वर्कशॉप घेतो. मुलं नवखी, लॅपटॉप आपापले. मागच्या वेळी इन्स्टॉल करण्यातच जेवणाची सुट्टी झाली. सूचना आधी पाठवल्या होत्या, कुणी वाचल्याच नाहीत. काय करू?

उत्तर: अहो, वाचल्या असतील हो, पण "पायथन डाउनलोड करून घ्या" एवढंच लिहिलं असेल तर नवख्याला पुढे काय ते कसं कळणार! विंडोजवर गाडी अडते ती बहुतेक एकाच जागी, इन्स्टॉलरच्या पहिल्याच स्क्रीनवर खाली "अ‍ॅड पायथन डॉट ईएक्सई टू पाथ" असा चौकोन असतो, तो आधीपासून टिक केलेला नसतो आणि पोरं सवयीने धडाधड "इन्स्टॉल नाऊ" दाबून मोकळी होतात. टिक नसली की पायथन कुठे ठेवलंय ते विंडोजला सापडत नाही. मग कमांड प्रॉम्प्टवर (कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीत) पायथन टाइप केलं की विंडोज मायक्रोसॉफ्ट स्टोअरकडे बोट दाखवतं, आणि मुलाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. त्या स्क्रीनचा फोटो काढून चौकोनाला लाल गोल करा. मॅकवाल्यांची सूचना वेगळी पाठवा, तिथे टर्मिनलमध्ये, म्हणजे मॅकच्या तशाच खिडकीत, पायथन३ असं, तीनचा आकडा जोडून लिहावं लागतं.

आणि शेवटी "झालं का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. व्हर्जन विचारणारी कमांड चालवून आलेल्या आकड्याचा स्क्रीनशॉट दोन दिवस आधी ग्रुपवर मागवा, ज्याचा येणार नाही त्याला वर्कशॉपच्या अर्धा तास आधी बोलवा. इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर ठेवाच, कॉलेजचं वायफाय तुम्हाला माहितीच आहे. तरीही एखादा लॅपटॉप हटून बसला तर सरळ गूगल कोलॅब उघडून द्या, ब्राउझरमध्येच चालतं.