रूपकुंडावर गेले ते कोकणस्थ होते का?

प्रश्न : आमच्या कुलमंडळाच्या स्मरणिकेत एक लेख आला आहे. हिमालयातल्या रूपकुंड तळ्याकाठचे सांगाडे कोकणस्थ ब्राह्मणांचे होते, हे डीएनए चाचणीतून सिद्ध झालं आहे, असं त्यात छातीठोकपणे लिहिलंय. माझा नातू म्हणतो, ते ग्रीक होते. दोघांपैकी खरं कोण? आणि हाडावरून जात कळते का?
– एक आजोबा, चिपळूण

उत्तर : नातवाला निम्मे गुण द्या. स्मरणिकावाल्यांना मात्र जुन्या बातमीवर किती दिवस काढणार, असं विचारा.

रूपकुंड उत्तराखंडात आहे, समुद्रसपाटीपासून पाच हजार मीटरच्या वर. १९४२ मध्ये तिथल्या एका वनाधिकाऱ्याच्या नजरेला तळ्याकाठची हाडं पडली आणि तेव्हापासून ती कोणाची यावर तर्क सुरू आहेत. जपानी सैनिक झाले, तिबेटवर चालून गेलेली फौज झाली, नंदादेवीच्या यात्रेला निघालेला राजा आणि त्याचा लवाजमा झाला. २००४ च्या सुमारास एका मोहिमेनंतर हाडांची तपासणी झाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या अभ्यासकांनी हाडांची मापं घेतली, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत डीएनए तपासला गेला, आणि काही नमुन्यांतले बदल कोकणस्थांमध्ये आढळणाऱ्या बदलांशी जुळतात अशा बातम्या आल्या. वाक्य एवढंच होतं. 'काही नमुने जुळतात' याचं 'सगळे कोकणस्थच होते' कधी झालं ते कळलंसुद्धा नाही. आपल्याकडे अशा बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही, त्यात पुन्हा आपलं नाव असेल तर विचारूच नका.

त्या काळी जुन्या हाडातून वाचायला सोपा पडे तो मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकाचा, डीएनए. पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात, म्हणून एखादी तरी शिल्लक राहते. पण तो जेमतेम साडेसोळा हजार अक्षरांचा आणि फक्त आईकडून येणारा. म्हणजे तुमची आई, तिची आई, तिची आई अशी एकच ओळ तो सांगतो. बाकी सगळ्या पूर्वजांबद्दल त्याचं तोंड बंद. शिवाय या ओळी फार जुन्या असतात. 'एम' नावाचा मोठा गट घ्या. भारतातल्या निम्म्याहून जास्त लोकांचा मायटोकॉन्ड्रिया त्यात मोडतो, मग ती गडचिरोलीची बाई असो, मदुराईची असो की पुण्याची. तेव्हा मायटोकॉन्ड्रियाचा तुकडा तुमच्या घरातल्या कोणाशी जुळला, तर हजारो वर्षांपूर्वीची कुणी एक आजी दोघांची सामाईक होती, इतकंच निघतं. तिचं आडनाव किंवा गोत्र त्यातून निघत नाही.

२०१९ मध्ये रूपकुंडच्या ३८ जणांचा संपूर्ण जनुकसंचावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लांब हाडांना बारीक भोक पाडून चिमूटभर भुकटी काढायची, त्यातून डीएनए वेगळा करायचा. ऐकायला सोपं वाटतं. खरी धास्ती असते ती हाड हाताळणाऱ्या माणसाच्याच डीएनएची. मास्क न लावता कुणी कवटीवर वाकून बोललं की त्याची थुंकी हाडावर, आणि मग सांगाडा त्याचाच नातेवाईक निघायचा. म्हणून जुन्या डीएनएची एक खूण तपासतात. काळाच्या ओघात धाग्यांच्या टोकाला 'सी' हे अक्षर झिजतं आणि यंत्राला ते 'टी' असं वाचायला येतं. टोकांना ही झीज दिसली की डीएनए खरोखर जुना. टोकं कोरी करकरीत असली तर तो बहुधा प्रयोगशाळेतल्याच कुणाचा. मी कॉलेजात शिकवत असताना पोरांना या झिजेचे आलेख दाखवायची. सगळ्या विषयात त्यांना तेवढंच आवडायचं.

निकाल असा आला. ३८ पैकी २३ जणांची घडण दक्षिण आशियाई. १४ जण पूर्व भूमध्य सागराकडचे, आजच्या क्रीट बेटावरच्या आणि ग्रीसच्या लोकांना सर्वांत जवळचे. एक जण आग्नेय आशियाई. कार्बन काळमापनाने खरी गंमत केली. भारतीय माणसं साधारण इ.स. ८०० च्या आसपासची, तीही बहुधा एकाच वेळी गेलेली नाहीत. भूमध्याकडची मंडळी आणि तो आग्नेय आशियाई इ.स. १८०० च्या सुमाराचे. हजार वर्षांच्या अंतराने वेगवेगळी माणसं एकाच तळ्याकाठी येऊन मेली. एका गारपिटीत सगळे गेले अशीही एक गोष्ट सांगतात, ती इथेच संपते. ३८ जणांत कोणाचंही कोणाशी जवळचं नातं निघालं नाही, आणि त्यांत बायका-पुरुष दोन्ही होते, म्हणजे तो एक कुटुंबकबिला नव्हे आणि फौजही नव्हे. ग्रीक म्हटल्यावर सिकंदर आठवतो, पण त्या १४ जणांत भारतीय मिश्रण नाही. सिकंदराच्या मागे राहिलेल्यांचे वंशज एवढ्या पिढ्या इथे काढून कोरे राहिले असते का?

आता तुमचा मूळ प्रश्न. त्या २३ भारतीयांची जनुकं एका ठिकाणी गोळा होत नाहीत. भारतीय लोकसंख्या हे दोन जुन्या घटकांचं कमीजास्त मिश्रण आहे, आणि ही माणसं त्या पट्टीवर इकडून तिकडे पसरलेली दिसतात. एका जातीचा जथा असता तर ती एका ठिकाणी दाटली असती. हाडांतल्या कार्बनवरून खाणंही कळतं. काहींच्या आहारात बाजरी-नाचणीसारखी तृणधान्यं होती, काहींच्या जवळपास नव्हती. म्हणजे जागोजागची, वेगवेगळ्या चुलीवरची माणसं. त्यात एखादा कोकणातला असणं अशक्य नाही, पण 'कोकणस्थांचा जथा' नाही. आणि हाडातून जात कळत नाही. आजच्या कोणत्या गटाशी किती साम्य आहे एवढंच कळतं, तेही तुलनेला आजचे किती गट घेतले त्यावर.

एक जाता जाता. रूपकुंडाला थंडीने हात दिला म्हणून एवढं हाती लागलं. हरियाणातल्या राखीगढीचं, सिंधू संस्कृतीच्या जुन्या गावाचं, बघा. डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या उत्खननातल्या सांगाड्यांचे ६१ नमुने तपासले, त्यांपैकी एकाच बाईचा डीएनए वाचता आला. त्या एका बाईवर दूरचित्रवाणीवर किती भांडणं झाली, ती तुम्ही पाहिलीच असतील.

प्रश्न : मुलीने अमेरिकेहून डीएनएचं किट पाठवलं. मी आणि माझ्या सख्ख्या भावाने नळीत थुंकून पाठवलं, तर दोघांची टक्केवारी वेगळी आली. भाऊ म्हणतो पैसे पाण्यात. कंपनी फसवते का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : फसवत नाही. आईवडिलांनी तुम्हा दोघांना निम्मं-निम्मंच दिलं, पण तेच निम्मं दिलेलं नाही. सख्ख्या भावंडांचा सरासरी निम्मा डीएनए सारखा असतो. दहा पिढ्या मागे गेलात तर कागदावर १०२४ पूर्वज होतात, आणि त्यांतल्या कित्येकांचा एक तुकडाही तुमच्यात उरलेला नसतो. दुसरं म्हणजे टक्केवारी निघते ती आज जिवंत असलेल्या माणसांशी तुलना करून. कंपनीने नवे नमुने गोळा केले की तुमचे टक्के बदलतात. पूर्वज मात्र तेच राहतात.

भावाला सांगा, पैसे वाया गेलेले नाहीत. पुरुषाकडे वाय गुणसूत्र असतं, ते बापाकडून मुलाला येतं, म्हणजे वडिलांच्या वडिलांची ओळ कळते. आईकडची आणि वडिलांकडची अशा दोन्ही ओळी शेजारी ठेवल्या की काय दिसतं, ते आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंकडे पाहून समजतं. नवगावजवळ गलबत फुटून त्यांचे पूर्वज किनाऱ्याला लागले अशी त्यांची परंपरा. २०१६ च्या अभ्यासात त्यांच्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि भारतीय असा दोन्ही वारसा ठळक दिसला, ज्यू वाटा पुरुषांकडून जास्त, आणि सरमिसळ साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीची. पिढ्या मोजतात कशा? आईवडिलांकडून आलेले डीएनएचे सलग तुकडे दर पिढीत पत्त्यांसारखे पिसले जातात, त्यामुळे ते लहान लहान होत जातात. तुकडे किती लांब उरलेत त्यावरून किती वेळा पिसलं ते काढतात. पेणकर, रोहेकर ही त्यांची गावावरून आलेली आडनावं आपल्या ओळखीचीच आहेत.

प्रश्न : सून रागावली की माझ्या मुलाला 'निअँडरथल' म्हणते. याला काही शास्त्रीय आधार?
– एक सासूबाई, कोल्हापूर

उत्तर : आहे, फक्त तो सूनबाईंनाही तितकाच लागू आहे. आफ्रिकेबाहेरच्या माणसांत साधारण दोन टक्के डीएनए निअँडरथलांचा, म्हणजे नामशेष झालेल्या एका जुन्या मानवप्रकाराचा, असतो. सुमारे पन्नास हजार वर्षांपूर्वीच्या संकराची ती देणगी. हे ज्यांच्यामुळे कळलं त्या स्वांटे पेबो यांना २०२२ चं नोबेल मिळालं. त्यांच्याच २०२० च्या अभ्यासात, तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक निअँडरथल तुकडा असेल तर कोविड गंभीर होण्याचा धोका वाढतो असं दिसलं. दक्षिण आशियात निम्म्या लोकांकडे तो आहे, युरोपात सुमारे सोळा टक्क्यांकडे. मग हा तुकडा इथे इतका टिकला कसा? तोच तुकडा असलेल्यांना एचआयव्हीची लागण होण्याचा धोका २७ टक्क्यांनी कमी असतो, पण एचआयव्ही काल-परवाचा, म्हणून तो टिकण्याचं कारण काही वेगळंच असणार. पूर्वीच्या एखाद्या साथीत त्याने माणसं वाचवली असावीत असा तर्क आहे. तेव्हा सूनबाईंनी पुन्हा तसं म्हटलं, तर त्यांना एवढंच विचारा : दोन टक्के कोणाचे, त्याचे की तुझे?