चार वर्षं तबला शिकला, आता म्हणतो ड्रम्स हवेत

‘मुलगा चार वर्षं तबला शिकतोय. ‘प्रवेशिका पूर्ण’ ही परीक्षा झाली, चांगले मार्क मिळाले. आता एकदम म्हणतो, तबला नको, ड्रम्सचा क्लास लावा. आज हे सोडलं तर उद्या ड्रम्सही सोडेल. जबरदस्ती करायची की सोडू द्यायचं?’

डोंबिवलीच्या एका आईचा हा प्रश्न. तबल्याच्या जागी कथ्थक, बुद्धिबळ किंवा स्केटिंग घाला. शाळा सुरू होण्याच्या सुमारास असे पालक माझ्याकडे हमखास येतात. मुलगा सातवीतला. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

‘सोडू द्यायचं का?’ याला मी लगेच हो-नाही म्हणत नाही. मुलाला नेमकं काय नकोसं झालंय ते आधी बघावं लागतं. वाद्य, सर, परीक्षा की घरचा रियाज? बारा वर्षांचं मूल हे वेगवेगळं करून सांगत नाही. ते सरसकट ‘नको’ म्हणतं, आणि आईबापांना त्यात चिकाटीचा अभाव दिसतो.

त्यातून खासगी शिकवणी म्हणजे एक मूल आणि एक मोठा माणूस, एका खोलीत. त्यामुळे माझे पहिले प्रश्न ठरलेले असतात आणि ते मी मुलाला एकट्यालाच विचारते. दार उघडं असतं का? घरात आणखी कोण असतं? चुकलं की सर काय करतात? तबल्याची हातोडी गजऱ्यावर ठोकून सूर मिळवायला असते, बोटांवर मारायला नाही. ‘आम्हीही असेच शिकलो’ हे मी ऐकून घेत नाही. काही मुलांच्या बाबतीत उत्तर इथेच सापडतं. मग चर्चा उरत नाही. क्लास त्याच दिवशी बंद, आणि प्रकार गंभीर असेल तर चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ किंवा थेट पोलीस. या मुलाकडे तसं काही नव्हतं. सर शांत, दार उघडं, आतून सरांच्या पत्नीची ये-जा, आणि अधूनमधून हातावर बेसनाचा लाडू.

कायदा म्हणजे तबल्यातली ठरावीक बोलांची रचना, आणि तिचे बोल नुसते तोंडाने म्हणणं म्हणजे पढंत. मग मी त्याला म्हटलं, ‘तुझा आवडता कायदा म्हण. वाजवू नकोस, नुसती पढंत कर.’

त्याने तीनताल हातावर धरला आणि ‘धाधा तिट धाधा तिना’ सुरू केलं. आधी ठाय म्हणजे सावकाश, मग दुगुन म्हणजे दुप्पट लयीत. एका पलट्यात, म्हणजे त्याच बोलांच्या फेरबदलात, अडखळला, तर मी काही बोलायच्या आत स्वतःच थांबला आणि समेपासून, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेपासून, पुन्हा म्हणाला. वाद्याला कंटाळलेलं मूल असं करत नाही. त्याला तबला नकोसा झाला नव्हता.

‘तू वाजवतोस कोणाबरोबर?’

‘ॲपबरोबर.’

क्लासमध्ये सर टाळी देतात किंवा मोबाइलवर लेहरा, म्हणजे ताल धरून फिरत राहणारी धून, लावतात. घरी बाबा तोच लेहरा लावून शेजारी बसतात आणि बोल चुकला की ॲप थांबवतात. आई व्हिडिओ काढते, तो नातेवाइकांच्या ग्रुपवर जातो आणि मामा अंगठा पाठवतो. परीक्षेत समोर परीक्षक. चार वर्षांत हा मुलगा एकाही गाणाऱ्या माणसाबरोबर वाजवायला बसलेला नव्हता. सोसायटीतला त्याचा मित्र ड्रम्स शिकतो. त्या क्लासमध्ये महिन्यातला एक शनिवार गिटारवाली, कीबोर्डवाली पोरं एकत्र बसून गाणं बसवतात. ‘ते चौघं असतात,’ एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणाला. ड्रम्सबद्दल, काठ्यांबद्दल फारसं बोललाच नाही.

मला गंमत वाटली ती याची, की तबला म्हणजे साथीचं वाद्य. एकलवादनाची परंपरा मोठी आहे हे मान्य, पण ख्याल, ठुमरी, सतार, कथ्थक, नाट्यगीत, भजन हे सगळं वजा केलं तर तबलजीकडे उरतं काय? आणि याच्या वाट्याला नेमकं तेच वजा होऊन आलं होतं. त्याचे बाबा त्याला झाकीर हुसेन यांचे सोलो दाखवायचे. मी म्हटलं, शिवकुमार शर्मांच्या संतुराबरोबरचे दाखवा, ‘शक्ती’ या बँडमधले जॉन मॅक्लॉक्लिनच्या गिटारबरोबरचे दाखवा. ते एकमेकांकडे बघून हसतात ना, तेवढंच दाखवलंत तरी पुरे.

आता सरांशी बोलायचं होतं आणि आई तिथेच अडली. ‘त्यांना वाटेल आम्ही त्यांच्या शिकवण्यात खोड काढतोय.’ खासगी क्लासमध्ये हा संकोच फार असतो. शाळेत तक्रारीला मुख्याध्यापक असतात, इथे सर म्हणजेच संस्था. मी सुचवलं, तक्रार म्हणून जाऊच नका, सल्ला मागा. ‘सर, याला कुणाबरोबर तरी वाजवावंसं वाटतंय, तुम्ही सांगाल तसं करू.’ सर आधी नाराजच झाले. हात तयार होण्याआधी साथीला बसवलं की बोलांची सफाई जाते, मूल नुसतं ठोकायला लागतं, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नाही, आणि मी तसं आईला सांगितलंही. पण चार दिवसांनी त्यांनीच मार्ग काढला. केरवा, दादरा आणि भजनी ठेका हे साधे ठेके एवढंच वाजवायचं. तुकडे, तिहाई अशी सजावट काही नाही. सोसायटीच्या मंदिरात एकादशीला आज्यांचं भजन असतं, तिथे याला बसवा.

पहिल्या एकादशीहून तो चिडून आला. ‘त्या पळतात! अभंग सुरू होतो एका लयीत आणि संपतो भलत्याच लयीत. आणि त्यांचा सूर माझ्या तबल्याला लागतच नाही.’ पेटी वाजवणाऱ्या आजी त्याला म्हणाल्या होत्या, ‘बाळा, आम्ही काही थांबणार नाही, तूच आमच्या मागनं ये.’ त्याच्या आतापर्यंतच्या परीक्षांत हे कधी आलं नव्हतं. आठ मात्रांचा साधा ठेका वीस मिनिटं न हलता धरणं आणि गाणारी पुढे सरकली की तिला सांभाळून घेणं, हे त्याला कायद्यापेक्षा अवघड गेलं. पुढच्या एकादशीला तो न सांगता गेला.

ड्रम्सचं काय? तेही मी अडवलं नाही. फक्त सेट घेऊ नका म्हटलं. काठ्या आणि रबरी प्रॅक्टिस पॅड थोडक्यात येतं, त्यावर दोन-तीन महिने सिंगल स्ट्रोक, डबल स्ट्रोक, पॅराडिडल हे काठ्यांचे मूळ सराव होतात का बघा. पॅराडिडल म्हणजे उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. त्यालाही बोलांसारखंच घोटावं लागतं. मुलाला घोटायचाच वीट आला असेल, तर ते पॅडवर लवकर कळतं. शिवाय खरा ड्रमसेट फ्लॅटमध्ये आणला की प्रश्न संगीताचा राहत नाही, शेजाऱ्यांचा होतो. कायद्याने रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि स्नेअरचा, म्हणजे सेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमचा, एक जोरकस फटका ती कधीच ओलांडतो. पुढे घ्यावंसं वाटलंच तर हेडफोन लावता येणारा इलेक्ट्रॉनिक सेट बघा. मुलगा पॅडवर रमला. तबल्याचा क्लास आठवड्यातून दोनदाऐवजी एकदा केला, तोही त्याच्याच म्हणण्यावरून.

घरात मी एकच गोष्ट आग्रहाने बदलायला लावली. रियाजाच्या वेळी बाबांनी त्या खोलीत बसायचं नाही आणि मुलाला विचारल्याशिवाय व्हिडिओ काढायचा नाही. आईला हे सहज जमलं. बाबांना त्रास झाला. ते ऑफिसातून धावतपळत यायचे ते या अर्ध्या तासासाठी. मुलाबरोबरचा त्यांचा तेवढाच वेळ होता. म्हणून मग जेवणानंतर दोघांनी गाणी ऐकायची आणि ताल कुठला ते मुलाने बाबांना शिकवायचं, असं ठरलं. बाबांना दादरा आणि केरवा अजून वेगळे ओळखता येत नाहीत, असं कळतं.

बाबांची खरी काळजी ‘मध्यमा प्रथम’ या पुढच्या परीक्षेची होती. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, दहावीला या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात आणि त्यांचा हिशेब आतापासून तयार होता. मी म्हटलं, हे सत्र सोडा, दहावीला अजून वेळ आहे. त्यांनी सोडलं, पण नाखुशीनेच.

परवा त्यांचा फोन आला. नोव्हेंबरचा फॉर्म भरू का? म्हटलं, मला काय विचारताय, त्याला विचारा. त्यांनी तिथूनच हाक मारली. आतून उत्तर आलं, ‘त्या दिवशी एकादशी नाही ना, ते आधी बघा.’