‘मधला भाग रेंगाळतो’ म्हणजे नेमका कुठे?

ताई, पहिल्या कादंबरीवर संपादकांचं तीन पानी पत्र आलंय, ‘नायिका पटत नाही, मधला भाग रेंगाळतो, शेवट उरकलाय’, आणि आता पुन्हा लिहू की दुसरीकडे पाठवू, असं तुम्ही विचारलंय. वाचून माझं जुनं दुखणं ठणकलं. पण तीन पानं, तीही पानांच्या आकड्यांसकट? नकार द्यायचा असता तर दोन ओळी पुरल्या असत्या.

माझं हस्तलिखित एका प्रकाशन संस्थेनं (नाव घेत नाही) वर्षभराहून जास्त अडकवून ठेवलं. फोन केला की ‘साहेब प्रदर्शनाला गेलेत’. दुसरीकडे द्यायची सोय नाही, कारण ‘निर्णय व्हायचाय’. शेवटी एकाच पाकिटात दोन अभिप्राय आले. एकाला बोलीभाषा फार वाटली, दुसऱ्याला कमी. कुठल्या पानावर, असं विचारलं तर उत्तर, ‘एकंदरीतच’. आता एकंदरीतच कसं दुरुस्त करायचं, सांगा! ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक राम पटवर्धन लेखकाकडून कथा पुन्हा लिहून घ्यायचे, हे आपण कौतुकानं सांगतो. ‘सत्यकथा’ १९८२ सालीच बंद पडलं. तसं वाचणारा माणूस पगारावर ठेवायची आज किती जणांची तयारी आहे?

असो. माझं मत असं, की वाचणारा जिथे अडखळला ती जागा मान्य करायची, त्यानं सुचवलेला उपाय मात्र तपासून घ्यायचा. पुढे दुसऱ्या संपादकांनी मला ‘विहिरीचं प्रकरण काढा’ म्हटलं. प्रकरण बरं होतं, गोची दोन पानं आधी होती. शेत विकल्याचं थोरला भाऊ तिथेच बोलून गेला होता, मग विहिरीच्या वाट्यावरून चाललेली भांडणं कोण कशाला वाचेल? त्याचं ते वाक्य उडवलं, प्रकरण शाबूत राहिलं.

नायिकेचंही तसंच बघा. तिच्या मोठ्या निर्णयाआधीचा प्रसंग तुम्ही लिहिलाय, की फक्त मनात आहे? (हे कथा-कादंबरीपुरतं. कवितेतलं मला कळत नाही.)

ऱ्हस्व-दीर्घावरून मात्र वाद घालू नका, ते मुद्रितशोधकावर सोडा. अभिप्रायाखाली तुमच्याकडून मागितलेला छपाईच्या खर्चाचा आकडा असेल, तर ते पत्र बाजूला ठेवा. आणि संपादकांना फोन करायचाच तर दिवाळी अंकांची गडबड उरकल्यावर करा.